काळीशार शांतता

“गप हाय, ते बरं हाय. त्या खोलीला गपच माणूस लागतं.”

सुमनबाईंनी हे भाकरी थापता थापता नवऱ्याला सांगितलं, आणि आवाज चांगला हलका ठेवून सांगितलं. मध्ये दोन भिंती, घरघरणारा कूलर आणि गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी. नव्या सुनेपर्यंत ते पोहोचेल असं त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं. पण पोहोचलं. ज्योत्स्नाच्या कानांना लहानपणापासून एक वाईट खोड होती, ऐकण्याची. इस्लापूरची पोर ती. सहस्रकुंडाच्या वाटेवर बापाचं मुरमुऱ्या-फुटाण्याचं दुकान. भर पावसाळ्यात धबधबा गर्जत असताना गिऱ्हाईक काय मागतंय ते त्या गर्जनेखालून वेचून काढायचं, हे तिचं शाळा सुटल्यावरचं काम. आवाजाखालचा आवाज तिला आपोआप सापडायचा.

“हळू,” सासरे म्हणाले. मग भाकरी थापल्याचा आवाजच काय तो वाढला.

खोलीला माणूस लागतं म्हणजे काय, ज्योत्स्ना मनाशी म्हणाली. खोली काय म्हैस आहे, नव्या माणसाचा हात लागला की दूध चोरायला? तोंडाने मात्र ती काही बोलली नाही. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि निलंग्याच्या या घरात आल्या-गेल्याला सुनेचा गुण म्हणून एकच गोष्ट सांगितली जायची, पोरगी लई गप हाय. जसं काही नवा फ्रीज घेतलाय आणि तो आवाजच करत नाही.

मागच्या खोलीत तिला बसावं लागायचं ते नवऱ्याच्या कामासाठी.

संघपाल आधी डीजेवाला होता. जयंतीच्या मिरवणुका म्हणू नका, लग्नाच्या वराती म्हणू नका, उदगीरपासून लातूरपर्यंत त्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी लोकांच्या खिडक्या थरथरवल्या होत्या. आता तो इंटरनेटवर हेडफोन आणि त्यांची यंत्रं तपासून लोकांना सांगायचा, कुठलं घ्यावं, कुठलं घेऊ नये. चॅनलचं नाव ‘संघपालचा कान’. बघणारे हजारो. फक्त एक गंमत अशी की संघपालला कान उरलेच नव्हते. इतक्या वर्षांच्या दणदणाटाने आवाजाची बारीक टोकं कधीच जळून गेली होती. कुकरची शिट्टी ऐकू यायची, बायकोच्या पैंजणाचा नाद नाही. लग्नानंतर आठवडाभरात त्याच्या लक्षात आलं की बायको पलीकडच्या गल्लीतली पाण्याची मोटर कुणाची ते नुसत्या आवाजावरून सांगते. तेव्हापासून ऐकायची ती, बोलायचा तो. आणि टाळ्या अर्थातच बोलणाऱ्याला.

“कॅमेऱ्यापुढं तू कशाला उगी,” तो म्हणाला होता. “तुलाबी आवडत न्हाई बोलायला.”

तिला कुणी विचारलं नव्हतं.

असो. पुण्याच्या एका कंपनीने नवा डबा तपासायला पाठवला. टेबलावर ठेवायचा, काळा, विटेएवढा आणि विटेपेक्षा जड. लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. हा डबा त्या आकड्यांचा आवाज करायचा आणि तो आवाज मोठ्या हेडफोनला पुरेल इतका वाढवायचा. दोन यंत्रांचं काम एकात. पुढे आवाजाचं गोल बटण आणि बाजरीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा.

अशा डब्याची पहिली परीक्षा गाण्याची नसते. गाणं बंद करायचं, गोल बटण पार शेवटपर्यंत फिरवायचं, आणि काहीच चालू नसताना काय ऐकू येतं ते ऐकायचं. हलक्या यंत्रात तिथे सर्र येतं, विजेची गुणगुण येते. चांगल्या यंत्रात काही म्हणजे काही येत नाही.

“काळीशार पायजे शांतता,” संघपाल सांगायचा. “अमावशेच्या हिरीवानी.”

त्याने स्वतः हेडफोन लावला, डोळे मिटले, मान डोलावली. “काळीशार!” मग हेडफोन तिच्या हातात देऊन तो बाहेर गेला, कारण खरी परीक्षा आता होती.

मागची खोली शांत, म्हणून हे काम तिथे. रस्त्याच्या बाजूला खिडकी नाही, वर स्लॅब, एक छोटा झरोका. आल्या दिवशीच ज्योत्स्नाने पाहून ठेवलं होतं, या दाराला कडी बाहेरूनच आहे. आतून काहीच नाही, साधा खिळासुद्धा नाही. आणि आतल्या बाजूला, खालपासून कमरेपर्यंत, दारावर पत्रा ठोकलेला. “उंदरं दार कुरतडत्यात,” सुमनबाई म्हणाल्या होत्या. उंदीर कमरेइतके उंच असतात हे ज्योत्स्नाला नवीन होतं.

आणखी एक गोष्ट तिने पाहिली होती. एकदा औशाचे पाहुणे आले. रिक्षा दारात थांबली तशा सुमनबाई आधी पाठीमागे गेल्या, मागच्या खोलीची कडी सरकवली आणि मग पदर सारखा करून पुढे “या, या” करायला आल्या. खोलीत तेव्हा कुणी नव्हतं. लावायचं कारणही नव्हतं. त्यांचं त्यांनाही ते कळलं नसावं. हातच गेला होता.

तर ज्योत्स्नाने हेडफोन चढवला. कानांवर मऊ गाद्या बसल्या, गिरणी विझली, कूलर विझला. तिने बटण हळूहळू शेवटपर्यंत फिरवलं.

शांतता खरोखर काळीशार होती. आणि त्या शांततेत कुणीतरी बसलेलं होतं.

आवाज नव्हता तो. बंद खोलीत शिरल्यावर अंधारात माणूस आहे हे जसं कळतं तसं. मग हळूच श्वास. आत... बाहेर... मध्ये थोडी घरघर, ताप असल्यासारखी. तिने हेडफोन काढला. खोलीत फक्त पंखा. पुन्हा लावला. श्वास जिथे होता तिथेच, डाव्या बाजूला, जमिनीलगत. दार डाव्या बाजूला होतं.

“कसं हाय?” संघपालने आत डोकावून विचारलं.

“चांगलं आहे. पण... मागे कुणीतरी आहे.”

“कुणीतरी म्हंजे? सर्र येतंय का गुणगुण?”

“श्वास येतोय.”

“श्वास म्हंजे अर्थिंग,” संघपाल ठामपणे म्हणाला, आणि डब्यापासून न्हाणीतल्या नळापर्यंत एक वायर ओढून दिली. श्वासाला अर्थिंग मिळालं. तो होता तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉपची वायर काढून टाकली. गाणं येणार कुठून? तरीही श्वास. जुना डबा जोडून पाहिला, त्यात काही नाही. हेडफोन बदलला, श्वास होताच. मग नखं आली. खर्र... खर्र... सावकाश, थांबत. ज्योत्स्ना कान देऊन ऐकत राहिली आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. नखं पत्र्यावर चालत नव्हती. पत्र्याचा आवाज वेगळा, कडक. ही नखं लाकडावर होती. पत्र्याच्या मागच्या लाकडावर. आणि खोलीत एक आंबूस वास सुटला, डब्यात दोन दिवस झाकून राहिलेल्या भाकरीचा.

तिसऱ्या दिवशी बाईचा आवाज आला. बारीक, सुकलेला, पण शब्द अन् शब्द स्पष्ट. कंपनीने जाहिरातीत म्हटलंच होतं, गायकाचे ओठ उघडलेलेही ऐकू येतील. आधी ओठ उघडलेले ऐकू आले.

“दाद्या...”

मग बराच वेळ काही नाही.

“दाद्या... कडी काढ.”

त्या रात्री जेवताना ज्योत्स्नाने वरणाची वाटी पुढे सरकवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “बाबा, तुम्हाला ‘दाद्या’ कोण म्हणायचं?”

निवृत्तीरावांचा घास हातातच राहिला. हा माणूस एसटीत कंट्रोलर होता. भोंग्यावरून त्यांनी नुसतं ‘देगलूर’ म्हटलं की स्टँडमागच्या उसाच्या गुऱ्हाळापर्यंत जायचं. निवृत्त झाल्यावर त्यांना भाषणाची मागणी होती. जयंतीच्या कार्यक्रमात स्त्रियांच्या हक्कांवर ते बोलायला उभे राहिले की माइकची गरजच नसे. त्या माणसाचा आवाज आता भाकरीच्या पापुद्र्याइतका पातळ निघाला.

“अंजू म्हणाय...”

“अंजू कशाला म्हणंल?” सुमनबाई मध्येच म्हणाल्या. “अंजू मुकी होती. जन्माची मुकी. जेवा तुमी.”

ते जेवले. सगळेच जेवले. ज्योत्स्नाला मात्र त्यांच्या चावण्याचा एकेक आवाज ऐकू येत होता, आणि संताप यायचाच झाला तर तो अशाच आवाजांनी येतो.

गच्चीवर तिने संघपालला धरलं. “अंजू कोण?”

“आत्या. बाबाची धाकटी बहीण.” तो मोबाइलकडे बघत म्हणाला. “सासरहून परत आल्ती. मागच्या खोलीत राहायची.”

“मुक्या होत्या?”

“आई म्हणती तसं. मी ल्हान होतो तवा बोलायची वाटतं. लई बोलायची म्हणं. सासरी काय काय केलं, कसं मारलं, ते चारचौघात सांगत सुटायची. पाहुण्यात शोभत न्हाई ना. मग... गप झाली.”

“झाली का केली?”

संघपालने मोबाइलची काच बाहीला पुसली.

“गेल्या कशा?”

“ताईच्या लग्नात. दारात मांडव, घर भरून पाव्हणे. कायबाय बोलंल म्हणून आत ठिवली होती. अंगात ताप होता. पाठवणी झाली, मांडव सुटला, मग कुणीतरी म्हणलं, अंजू जेवली का... तर जाऊन बघितलं.”

“त्यांनी हाक मारली असेल.”

“मारली आसल. डीजे चालू होता की.”

“कुणाचा डीजे?”

पलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकून थांबलं. संघपाल उठून खाली गेला. पायरीवरून म्हणाला, “शनवारी कंपनीचे रामलिंगसाहेब यायलेत. आपल्या कानाची लई तारीफ ऐकलीया त्यांनी. व्हिडिओत ‘शांतता काळीशार’ म्हणून टाकलंय मी. तू आता दुसरं काय काढू नको.”

ज्योत्स्ना गच्चीवर एकटीच उभी राहिली. भीती तिला वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीच्या वर काहीतरी तापत होतं. एक बाई दाराआड मरते. तिचा भाऊ सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडणारा. तिचा भाचा आवाजाचा धंदा करणारा. आणि घरात शब्द ठेवून दिला ‘मुकी’, म्हणजे कुणालाच ऐकू गेलं नाही याची लाजही नको. बरं, पत्रा ठोकला तो उंदरांच्या नावावर. उंदरांचीसुद्धा अब्रू घेतली. आणि आता तिच्याच कानाच्या साक्षीवर सगळ्या जगाला सांगायचं, मागे कुणी नाही, काळीशार आहे!

शनिवारी दुपारी पांढरी गाडी दारात थांबली. रामलिंगसाहेब जाडसर, हसतमुख, हातात पेढ्यांचा पुडा. संघपालने आधीच सांगून ठेवलं होतं, “तू मागं बस. साहेबांनी काय बारीकसारीक इचारलं तर पाणी आणायच्या निमित्तानं येतो, तू मला सांग.” तशी ती मागच्या खोलीत हेडफोन लावून बसली. हिरवा दिवा जळत होता. बटण शेवटपर्यंत.

आज श्वास नव्हता. आज खरोखरच काही नव्हतं, आणि तेच तिला आवडलं नाही. कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं.

मग पावलं आली. हेडफोनमध्ये नाही, बाहेरच्या बोळकांड्यातून, पण गाद्यांआडूनही तिला ती ओळखू आली. रबरी चपला, डावा पाय जरा घासणारा. सुमनबाई. पावलं दाराशी थांबली. खट्... कडी सरकली. पावलं परत गेली. पुढून त्यांचा आवाज आला, “या, या साहेब, बसा की.”

ज्योत्स्ना उठली. “आई, मी आत आहे!”

नेमकं त्याच वेळी संघपालने बैठकीतले जुने स्पीकर लावले. साहेबांना दाखवायला, जुना माल अजून कसा वाजतो ते. जमीन थरथरली. झरोक्याची काच किणकिणली. ज्योत्स्नाने दारावर थापा मारल्या. पत्रा धडधडला, आणि तिच्याच धडधडीला स्पीकरने गिळून टाकलं.

“आई! अहो! कडी लागलीय!”

तिच्या ध्यानात आलं, हे घर तिची हाक ओळखतच नाही. आल्यापासून तिने कधी मोठ्याने हाक मारलीच नव्हती. त्या आवाजाला कोण ओ देणार?

“वरडू नको...”

कानात. अगदी कानात. ज्योत्स्ना जागच्या जागी थिजली. हेडफोन अजून डोक्यावर होता.

“वरडू नको. ऐकू जात न्हाई... मी लई वरडले.”

तिने मान वळवली. टेबलावरचा हिरवा दिवा विझलेला होता. उठताना झटका बसून डब्याची विजेची पिन सुटली होती, आणि हेडफोनची वायरही डब्यातून केव्हाच निसटली होती. तिचं टोक फरशीवर तिच्या पायाशी पडलेलं होतं, कशालाच न जोडलेलं.

“सरक,” आवाज म्हणाला.

ती सरकली. आंबूस वास दाट झाला, इतका की डोळ्यांना पाणी आलं. तिच्या दंडाला काहीतरी चाटून गेलं, तापाने फणफणलेलं अंग लागावं तसं गरम. आणि हेडफोनमध्ये, कुठल्याही विजेवाचून, लोखंड लोखंडावर घासलं. खट्.

त्यानंतर, म्हणजे त्यानंतरच, दाराच्या बाहेरची खरी कडी सरकली.

दार आपोआप उघडलं. बोळकांडं रिकामं होतं. उन्हाची एक तिरपी पट्टी, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. टॉवेल हलत होता, कुणी घाईने खालून वाकून गेल्यासारखा. वारा नव्हता. टॉवेल बैठकीच्या दिशेला हलला होता.

ज्योत्स्ना बैठकीत गेली तेव्हा हेडफोन तिच्या गळ्यात होता आणि सुटी वायर मागे फरफटत होती. सोफ्यावर रामलिंगसाहेब, समोर निवृत्तीराव. स्पीकरपाशी संघपाल. सुमनबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या. त्यांची नजर सुनेवर गेली आणि मग स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली. हाताने काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं.

“तू... तू कशी आली?” त्या कुजबुजल्या, आणि दणदणाटाखालूनही ज्योत्स्नाला ते ऐकू आलं. “कडी तर मी...”

“ह्या कोण?” साहेबांनी हसत, आवाज चढवून विचारलं.

“मिसेस,” संघपाल घाईने म्हणाला. “त्या जरा गप असत्यात. ज्योत्स्ना, पाणी...” आणि त्याने गाणं बंद केलं.

बैठक गप्प झाली. बंद झालेले स्पीकर भिंतीसारखे उभे. ज्योत्स्ना ती शांतता ऐकत राहिली. मग तिने बघितलं की संघपालने, ज्याला पैंजणसुद्धा ऐकू येत नव्हतं त्याने, हळूच मान वळवली. स्पीकरकडे. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. श्वास येत होता. आत... बाहेर... मध्ये थोडी घरघर. साहेबांच्या हातातला पेढा तोंडापर्यंत गेलाच नाही.

“दाद्या...” असं कुणी म्हटलं की नाही हे नक्की सांगता येणार नाही. पण निवृत्तीराव उठून उभे राहिले, आणि ज्योत्स्नाकडे नाही, तिच्या खांद्याच्या मागे, जरा खाली, कमरेइतक्या उंचीकडे बघायला लागले.

“काय झालं?” साहेब म्हणाले. “हा आवाज... कशाचा आहे?”

“अर्थिंग,” संघपाल म्हणाला. ओठ नुसते हलले.

सुमनबाईंनी सवयीने सुनेकडे बघितलं. गप बस, असं सांगणारी नजर होती ती, घरात आजवर सगळ्यांवर चाललेली. ज्योत्स्नाने गळ्यातला हेडफोन काढला आणि चहाच्या ट्रेमध्ये ठेवला. मग या घरात पहिल्यांदाच, पार गल्लीच्या गिरणीपर्यंत जाईल अशा आवाजात ती बोलली.

“साहेब, ऐकणारी मी आहे, आणि मागची शांतता काळीशार नाही. आई, तुमची नणंद मुकी नव्हती. ‘कडी काढ’ म्हणत होती, आणि तुम्ही नाचत होतात. आज तुम्ही मला लावलेली कडी तिनेच काढली. आता पत्रा ठोका नाहीतर कुलूप लावा, काही उपयोग नाही. अंजूआत्या आता आत नाहीत.”